द मांचुरियन कँडिडेट (रिचर्ड कॉन्डन): थ्रिलर म्हणून मागवलं, हातात आलं पब्लिसिटीवाल्याचं पुस्तक

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढे येईलच.

आधीच सांगून टाकतो, रात्री हातात घेतलं आणि पहाटे संपवूनच खाली ठेवलं टाइपचं थ्रिलर हवं असेल तर हे घेऊ नका, वैतागाल. गोष्ट जरा पळायला लागली की लेखक मध्येच थांबून सिनेटरच्या बायकोच्या स्वभावावर पानंच्या पानं लिहितो, मग एखाद्या पदकाबद्दल माहिती देत बसतो, मग एक वाह्यात जोक मारतो आणि मग एकदम खून. पण पुढारी, प्रेस कॉन्फरन्स, टीव्हीसमोर गळा काढणं, देशभक्तीचा धंदा ह्या सगळ्याची ज्याला मनापासून चीड आहे आणि तरी बघताना हसू पण येतं, अशा माणसाने हे वाचायलाच पाहिजे. १९५९ चं पुस्तक, अमेरिकेतलं, कोल्ड वॉरमधलं, मॅकग्रॉ-हिलने काढलेलं.

नाव बघून घरी मला विचारलं गेलं की चायनीजच्या रेसिपी मागवल्यास का. तर नाही, तो मांचुरियन वेगळा, हा चीनच्या ईशान्येचा मांचुरिया. अर्थात प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, कारण ह्याच कॉन्डनसाहेबांनी पुढे १९७३ मध्ये मुलीबरोबर मेक्सिकन स्वयंपाकाचं पुस्तक खरंच लिहिलंय.

गोष्ट थोडक्यात, शेवट सांगत नाही. कोरियन युद्धात एक अमेरिकन तुकडी पकडली जाते, तिला मांचुरियात नेऊन तिथे यन लो नावाचा एक डॉक्टर त्यांची डोकी धुतो. त्यातला सार्जंट रेमंड शॉ, अत्यंत तुसडा, कोणालाच न आवडणारा माणूस, त्याला असं तयार केलं जातं की पत्त्यांचा पेशन्स खेळताना चौकटची राणी दिसली की सांगाल ते काम करणार, खून म्हणा काहीही म्हणा, आणि नंतर त्याला आठवणार काहीच नाही. बाकीच्यांच्या डोक्यात भरलेलं असतं की रेमंडने आपल्या सगळ्यांचे जीव वाचवले, त्यामुळे हा हिरो होऊन घरी येतो, मेडल ऑफ ऑनर घेऊन. घरी आई. आईचा दुसरा नवरा सिनेटर जॉन आयसलिन, जो दिवसरात्र कम्युनिस्ट कम्युनिस्ट ओरडत असतो, आणि त्याने काय ओरडायचं ते आई ठरवते. इकडे त्याच तुकडीतला बेन मार्को रोज रात्री एकच स्वप्न बघून दचकून उठतोय.

ते स्वप्न म्हणजे पुस्तकातली सगळ्यात भारी जागा. सैनिकांना वाटतंय की आपण एका हॉटेलात अडकलोय, बाहेर पाऊस वगैरे, आणि बायकांच्या बागकाम मंडळाची मीटिंग चालू आहे, त्या फुलझाडांवर बोलतायत, कंटाळा आलाय पण उठून जाणं बरं दिसत नाही म्हणून बसलेत बिचारे जांभया देत. प्रत्यक्षात समोर बसलेत रशियन आणि चिनी अधिकारी आणि स्टेजवर यन लो आपला माल दाखवतोय. अगदी सेल्स डेमो. आणि डेमोचा शेवट म्हणून तो रेमंडला सांगतो की ह्या तुझ्या सहकाऱ्याला मार, आणि रेमंड नम्रपणे उठून मारतो, ज्याला मारायचं तो पण काही विरोध करत नाही, बाकीचे सगळे जांभया देत बघतायत. मला हे वाचताना एकाच वेळी हसू आलं आणि पोटात गोळा आला. शिवाय तो यन लो स्वतःवर एवढा खूश असतो की कैद्यांच्या सिगरेटमध्ये तंबाखूच्या जागी याकचं शेण भरून ठेवतो, नुसती गंमत म्हणून, आणि ते आरामात ओढत बसतात. पुढे १९६२ च्या सिनेमात ह्या जोकला त्या काळातल्या विन्स्टन सिगरेटच्या गाजलेल्या जाहिरातीची ओळच लावलीय, की चव कशी, सिगरेटची असावी तशी. ब्रेनवॉशिंगच्या सीनमध्ये सिगरेटची जिंगल! ह्यातच सगळं आलं.

कारण माझं मत असं की कॉन्डन हा मुळात थ्रिलर रायटर नव्हेच, तो पब्लिसिटीवाला. आणि ते माहीत नसेल तर पुस्तक अर्धंच कळतं, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहितोय, कंटाळा आला तर खाली प्रिंट आणि पॅकिंगचं लिहिलंय तिथे जा डायरेक्ट.

जन्म १८ मार्च १९१५, न्यूयॉर्क. थोडे दिवस व्यापारी जहाजावर, मग जाहिरातीत कॉपी लिहिणं, मग १९३६ ला डिस्नेत पब्लिसिटी, तिथे पाचेक वर्षं, नंतर हॉलीवूडच्या आणखी स्टुडिओंची तीच कामं. म्हणजे वीसेक वर्षं ह्या माणसाचा धंदा काय, तर लोकांना पटवणं की हा सिनेमा महान आहे, हा नट देवमाणूस आहे, ही नटी साधी घरगुती मुलगी आहे. पेपरात काय छापून आणायचं, कुठली गोष्ट पेरायची, कुठली दाबायची. मध्ये १९५३ ला ब्रॉडवेवर एक नाटक करून बघितलं, ते आपटलं. पहिली कादंबरी १९५८ ला, म्हणजे चाळिशी उलटून गेल्यावर. मला हे फार आवडलं, कारण विशीत लिहिलेली राजकीय कादंबरी आणि वीस वर्षं लोकांना गंडवण्याचा पगार घेऊन मग लिहिलेली राजकीय कादंबरी ह्यात फरक पडणारच ना.

ती पहिली कादंबरी कशी आली त्याचा किस्सा मस्त सांगतात. कॉन्डन तेव्हा युनायटेड आर्टिस्ट्समध्ये होता आणि बॉस मॅक्स यंगस्टीनकडे सारखी कुरकुर करायचा की मी इथे हॉलीवूडमध्ये फुकट चाललोय, मला कादंबरी लिहायचीय. तर यंगस्टीनने काय करावं, ह्याला न सांगता दर महिन्याला पगारातून पैसे कापायला सुरुवात केली, आणि वर्षभराने सरळ कामावरून काढलं, आणि हातात ठेवलं मेक्सिकोतल्या बँकेचं खातं, त्यात ते कापलेले पैसे, आणि समुद्रकिनारी एका घराची किल्ली. जा, लिही म्हणाला. असा बॉस कोणाला मिळतो राव, आमच्याकडे पीएफचे कापलेले पैसे वेळेत दिसले तरी आम्ही पेढे वाटू. मांचुरियन कँडिडेट ह्याच यंगस्टीनला अर्पण केलंय.

पहिलं पुस्तक द ओल्डेस्ट कन्फेशन, माद्रिदच्या प्रादो म्युझियममधल्या चित्रचोरीचं, ठीक चाललं, त्याच्यावर १९६१ ला रेक्स हॅरिसन आणि रिटा हेवर्थ घेऊन सिनेमा पण आला. पण दुसऱ्याने उडवून दिलं.

आता आयसलिनकडे या. हा सरळसरळ सिनेटर जो मॅकार्थी आहे, लपवलेलं पण नाही. मॅकार्थीने ९ फेब्रुवारी १९५० ला वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या भाषणात म्हटलं की माझ्याकडे परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी आहे, मग थोड्याच दिवसांत तो आकडा ५७ झाला, यादी कोणाला दिसलीच नाही, आणि त्या यादीवर माणसाने चार वर्षं अख्खा देश हलवला. १९५४ च्या डिसेंबरमध्ये सिनेटने त्याच्यावर ठपका ठेवला, १९५७ ला तो गेला पण. म्हणजे कॉन्डनने पुस्तक काढलं तेव्हा मॅकार्थीवर नुसतं तोंडसुख घेणं एकदम सेफ होतं, मेलेल्याला मारण्यात काय शौर्य. कॉन्डन तिथे थांबत नाही. तो विचारतो की समजा रशियाला अमेरिकेची वाट लावायची असेल तर त्यांना सगळ्यात उपयोगी माणूस कोण? गुपचूप बसलेला हेर? की रोज सकाळी उठून शेजाऱ्याला देशद्रोही म्हणणारा, सैन्यावर, कोर्टावर, सगळ्यांवर संशय पसरवणारा हा बोंबलभिक्या? बस, ह्या एका प्रश्नावर सगळं पुस्तक उभं आहे आणि मला तरी त्यात अजून भोक सापडलेलं नाही.

सिनेमात ह्याचा एक छोटासा सीन केलाय तो डोक्यातून जात नाही. आयसलिन बायकोकडे रडगाणं गातो की दरवेळी कम्युनिस्टांचा वेगळा आकडा सांगतो त्यामुळे मला लोक हसतात, मला एकच काहीतरी लक्षात राहील असा आकडा दे. आणि तो जेवताना टोमॅटो केचप ओततोय, कॅमेरा बाटलीवर, हाइन्झची बाटली, तिच्यावर ५७ प्रकारवाली ती जुनी जाहिरात. पुढच्या सीनला साहेब सिनेटमध्ये उभे, ठणकावून सांगतायत ५७! देशाच्या सुरक्षिततेचा आकडा केचपच्या बाटलीवरून. आणि वर मॅकार्थीचा खरा आकडा पण ५७ च होता, म्हणजे जोक दोन मजली.

ही आकड्यांची खोड कॉन्डनला स्वतःला पण आहे बरं का. त्याला सगळं नेमकं सांगायचं असतं, कशाचं वजन किती, किंमत काय, कोण कुठल्या साली काय झालं, आणि ते इतक्या आत्मविश्वासाने की तुम्ही मान डोलावत जाता, आणि मग लक्षात येतं की मघाचं तर ह्याने चक्क बनवून सांगितलं होतं. यन लो आपल्या व्याख्यानात अँड्र्यू सॉल्टर ह्या खऱ्याखुऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा हवाला देतो आणि त्याच दमात थापा पण मारतो. पुस्तकाच्या सुरुवातीला द कीनर्स मॅन्युअल नावाच्या ग्रंथातल्या ओळी दिल्यात, मी तू आहे आणि तू मी आहेस, आपण एकमेकांचं हे काय करून ठेवलं अशा अर्थाच्या. कसलं गंभीर वाटतं ना? मी पण शोधायला गेलो. असा ग्रंथच नाही! कॉन्डनने स्वतः रचलेल्या ओळी, आणि हेच न छापलेलं मॅन्युअल तो पुढच्या कितीतरी कादंबऱ्यांत वापरत राहिला, पुस्तकांची नावं पण त्यातून काढली. विंटर किल्सचं नाव तसंच आलंय, मिनिटं रखडतात, तास धावतात, वर्षं उडतात असं करत करत शेवटी हिवाळा जीव घेतो अशी ती कविता आहे. खोटा पुरावा तयार करून तो खऱ्यांच्या रांगेत उभा करायचा, हे पब्लिसिटी डिपार्टमेंटचंच काम, फक्त इथे तो ते तुमच्यावर करून दाखवतोय आणि तुम्हाला पकडायची संधी पण देतोय.

अजून एक, हे मला नंतर कळलं आणि परत जाऊन पानं चाळली. त्या पकडलेल्या तुकडीतल्या बऱ्याच सैनिकांची आडनावं, लेम्बेक, गॉसफील्ड, मेल्विन, हायकन, सिल्व्हर्स, ही सगळी त्या वेळच्या टीव्हीवरच्या फिल सिल्व्हर्स शो ह्या मिलिटरी कॉमेडीतल्या नटांची आणि लोकांची आहेत. म्हणजे १९५९ चा अमेरिकन वाचक ते भयंकर सीन वाचतोय आणि मागे डोक्यात कॉमेडी शोची नावं वाजतायत. ज्या लेम्बेकला रेमंड गोळी घालतो तो आदल्या आठवड्यात टीव्हीवर हसवत होता. कोण करतं असं!

आपल्याकडे राजकीय कादंबरी म्हटली की सिंहासन आठवतं, तिथे अरुण साधूंनी मंत्रालय, पत्रकार, युनियन सगळं इतकं खरं उभं केलंय की नावं बदलली की बातमी. कॉन्डन त्याच्या बरोब्बर उलट. ह्याचं काहीच खरं वाटत नाही, सगळं फुगवलेलं, अचाट, आणि वाचून झाल्यावर पेपर उघडला की पेपर त्याने लिहिल्यासारखा वाटतो. दोन्ही पाहिजेत.

ब्रेनवॉशिंगबद्दल पण थोडं. कोरियन युद्ध संपल्यावर २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी घरी परत जायला नकार दिला, चीनमध्येच राहतो म्हणाले, आणि अमेरिकेत हाहाकार उडाला की आमच्या पोरांवर काय जादू केली. सीआयएने त्याच भीतीपोटी १९५३ मध्ये एमके-अल्ट्रा नावाचं प्रकरण सुरू केलं, नकळत लोकांना एलएसडी देणं वगैरे घाण प्रयोग. पत्ता बघितला की खून करणारा माणूस काही कोणाला बनवता आला नाही. कैद्यांवर जे वापरलं ते जुनंच होतं, झोपू न देणं, उपाशी ठेवणं, एकटं डांबणं, सारखं तेच तेच वदवून घेणं. त्यामुळे ह्या पुस्तकाला सायन्स म्हणून घेऊ नका. कॉन्डनला पण ते सायन्स म्हणून पाहिजेच नव्हतं असं मला वाटतं. सिगरेटची जाहिरात ऐकून पाकीट घेणारा आणि पत्ता बघून बंदूक उचलणारा ह्यांच्यात फार अंतर नाही, एवढंच त्याला चावटपणे सुचवायचंय.

आता कापलेला स्टार. एक म्हणजे बायकांची पात्रं. आई सोडली तर बाकी सगळ्या हिरोच्या सोयीसाठी. मार्कोला ट्रेनमध्ये भेटणारी रोझी, माणूस घामाने डबडबलाय, हात थरथरतायत, आणि ही बघताक्षणी त्याच्या प्रेमात, का ते देवाला ठाऊक. दुसरं म्हणजे चिनी, कोरियन माणसं जशी रंगवलीत ते आज वाचताना खटकतं, कपटी डॉक्टर, कपटी नोकर, तोच जुना साचा. व्यंग आहे म्हणून माफ करायचं तर थोडंफार होतं, सगळं नाही. आणि आईचा जो भूतकाळ दिलाय, वडिलांबरोबरचं ते प्रकरण, आणि नंतर मुलाबरोबर, ते पुस्तकात सिनेमापेक्षा बरंच उघड आहे, घरात शाळकरी मुलं पुस्तकं उचलून वाचत असतील तर कपाटात वर ठेवा.

तिसरं जरा गंभीर. कॉन्डन १९९६ ला गेला, आणि त्याच्यानंतर कॅलिफोर्नियातल्या एका वाचकाच्या लक्षात आलं की मांचुरियन कँडिडेटमधल्या काही ओळी रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या १९३४ च्या आय, क्लॉडियस ह्या रोमन कादंबरीशी फारच जुळतात, शब्दरचनेसकट. २००३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरात ते छापून आलं, गुन्ह्यातल्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या एका तज्ज्ञाने पण हा चोरीचाच प्रकार म्हटलं. ग्रेव्ह्जच्या कादंबरीत ती लिव्हिया आहे, सम्राटामागून राज्य चालवणारी, विषं घालणारी, आणि रेमंडची आई तिचीच अमेरिकन बहीण शोभते, त्यामुळे कॉन्डनने कुठे बघून लिहिलं ते कळतंच. काही लोक म्हणाले तो मुद्दाम केलेला चावटपणा असेल, खोट्या ग्रंथासारखाच. मला नाही पटत. खोट्या ग्रंथात तो वाचकाला डोळा मारतो, इथे नुसतं उचललंय. स्टार मुख्यतः त्याचाच कापला.

सिनेमा आधी की पुस्तक आधी असं विचारणाऱ्यांसाठी: सिनेमा आधी बघितला तरी चालेल. जॉन फ्रँकनहायमरचा १९६२ चा, फ्रँक सिनात्रा, लॉरेन्स हार्वी आणि आईच्या रोलमध्ये अँजेला लॅन्सबरी, जी खऱ्या आयुष्यात पडद्यावरच्या मुलापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठी होती आणि एका मिनिटासाठी पण ते जाणवत नाही. रिलीज झाला २४ ऑक्टोबर १९६२ ला, क्युबाच्या क्षेपणास्त्रांचा पेच अगदी टोकाला होता त्या आठवड्यात. वर्षभराने राष्ट्राध्यक्ष केनेडींचा डॅलसमध्ये खून झाला आणि मग दंतकथा पसरली की सिनात्राने अपराधीपणाने सिनेमा गायब केला. तसं काही नव्हतं, साठ-सत्तरच्या दशकात टीव्हीवर लागत होता, हक्क सिनात्राकडे आले १९७२ ला, आणि १९८८ ला परत थिएटरात आला. पण सिनेमा गुप्तपणे दाबला हीच गोष्ट लोकांना जास्त आवडली, पब्लिसिटी म्हणून तर सोन्यासारखी. २००४ ला डेन्झेल वॉशिंग्टन आणि मेरिल स्ट्रीपला घेऊन परत केला, त्यात कोरियाच्या जागी आखाती युद्ध आणि कम्युनिस्टांच्या जागी मांचुरियन ग्लोबल नावाची कंपनी. बघायला बरा आहे, पण त्यात कोणी हसत नाही, आणि हसणं काढलं की कॉन्डन उरत नाही.

केनेडींच्या खुनानंतर कॉन्डनला दक्षिण आफ्रिकेच्या एका वृत्तसंस्थेच्या बातमीदाराने लंडनहून फोन करून विचारलं होतं की तुम्ही असली कादंबरी लिहिलीत, तुम्हाला जबाबदार वाटतं का. त्याने त्यावर त्याच डिसेंबरमध्ये द नेशन मासिकात लेखच लिहिला, मांचुरियन कँडिडेट इन डॅलस. मग अकरा वर्षांनी, १९७४ ला, विंटर किल्स लिहिली, ज्यात केनेडीसारखाच एक राष्ट्राध्यक्ष मारला जातो आणि त्याचा सावत्र भाऊ खुनी शोधायला निघतो आणि जो भेटेल तो त्याला वेगळीच थिअरी विकतो. मला विचाराल तर ही मांचुरियनच्या तोडीची आहे, कदाचित काकणभर सरसच, कारण इथे खरं दडवायला खोटं बोलत नाहीत, इतकी खोटी उत्तरं देतात की खरं त्यात बुडून जातं. तिच्यावरच्या १९७९ च्या सिनेमाची कथा तर कादंबरीपेक्षा अचाट. जेफ ब्रिजेस, जॉन ह्यूस्टन, अँथनी पर्किन्स, तोशिरो मिफुने, सगळे दिग्गज, आणि पैसा लावणारे दोघे निघाले गांजाच्या धंद्यातले. मध्येच पैसे संपून शूटिंग बंद पडलं, एक निर्माता मारला गेला, दुसरा पुढे ड्रग्जच्या केसमध्ये लांबच्या मुदतीला आत गेला, आणि दिग्दर्शकाने जर्मनीत जाऊन ब्रिजेसबरोबर दुसराच सिनेमा करून पैसे उभे केले तेव्हा कुठे हा पूर्ण झाला. त्यावर कॉन्डनने १९८३ ला हार्पर्समध्ये लेख लिहिला, विंटर किल्सला कोणी मारलं. माणूस कुठलीच भानगड वाया जाऊ देत नव्हता.

बाकी करिअर पटकन सांगतो. दोन डझनांवर कादंबऱ्या लिहिल्या आणि सगळ्या चांगल्या नाहीत, हे त्याच्या फॅनने पण मान्य करावं. राहिला पण कुठे कुठे, मेक्सिको, स्पेन, फ्रान्स, स्वित्झर्लंड, मग आयर्लंडमध्ये किलकेनीकडे एक भलंमोठं जुनं घर घेतलं आणि त्या सगळ्या फिरतीवर १९७३ ला आठवणींचं पुस्तक काढलं, आणि शेवटी परत अमेरिकेत, आणि तेही नेमकं डॅलसला. वारला तिथेच. डेथ ऑफ अ पॉलिटिशियन (१९७८) निक्सनवर आहे, राग इतका की विनोद मागे पडतो. एम्परर ऑफ अमेरिका (१९९०) रेगनच्या काळावर, ते मी अर्ध्यात सोडलं. पण मध्ये १९८२ ला प्रिझीज ऑनर आली, ब्रुकलिनच्या माफियातला सुपारीबाज एका बाईच्या प्रेमात पडतो आणि बाई पण त्याच धंद्यात, आणि साठीच्या पुढचा कॉन्डन एकदम परत फॉर्मात. १९८५ ला जॉन ह्यूस्टनने जॅक निकल्सन आणि कॅथलीन टर्नरला घेऊन सिनेमा केला, पटकथेत कॉन्डन स्वतः होता, तिला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, आणि अँजेलिका ह्यूस्टनला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. मग त्याने प्रिझीच्या अजून तीन काढल्या. चाललेला माल बंद करायचा नाही, हे हॉलीवूडमध्येच शिकला असणार.

समीक्षकांचं काय म्हणाल तर टाइम मासिकाने मांचुरियनला दहा सर्वोत्तम वाईट कादंबऱ्यांच्या यादीत टाकलं होतं. ही शिवी आहे की कौतुक ते वाचल्यावर तुम्हीच ठरवा, मला तर दोन्ही बरोबर वाटतं.

भाषा: इंग्रजी सोपं नाही. वाक्यं लांब, उपमा एकावर एक चढवलेल्या, काही इतक्या विचित्र की दोनदा वाचून पण कळत नाहीत. डिक्शनरीपेक्षा पेशन्स लागेल, आणि सॅन फ्रान्सिस्कोने सुरू होणारं पहिलं प्रकरण जड गेलं तर सोडू नका, मांचुरियात पोचलात की पकड येते. मराठी अनुवाद मला तरी कुठे मिळाला नाही.

आता वस्तूबद्दल. मी पेपरबॅक घेतली, सेकंडहँड, कारण नवीची किंमत बघून हात आखडला. सेलरने लिहिलं होतं अगदी नव्यासारखी. आली ती अशी की मधली पानं उघडली की पाठ कटकन वाजते, कडा चहाच्या रंगाच्या, आणि प्रिंट एवढी बारीक की रात्री झोपून वाचणं अशक्य. रिटर्नचं बटण दाबलं तर उत्तर आलं की जुनी पुस्तकं परत घेत नाही. बरं, पण आधीच्या मालकाने पेन्सिलने जागोजागी खुणा केल्यात, आयसलिन नवा आकडा सांगतो तिथे प्रत्येक वेळी समासात आकडा लिहून खाली रेघ मारलीय, बेरीज करायला बसल्यासारखी. हा माणूस कोण असेल मला माहीत नाही पण ऑडिट खात्यातला असावा असा संशय आहे. ई-बुक घेतलंत तर अक्षर मोठं करता येईल, ते डोळ्यांना बरं.

कोणी घ्यावं: पत्रकारितेचे विद्यार्थी, जाहिरातीत काम करणारे, निवडणुकीच्या काळात व्हॉट्सअॅप ग्रुप सोडावासा वाटणारे सगळे. कोणी घेऊ नये: ज्यांना हिरो आवडणारा लागतो ते, इथे एकही माणूस आवडत नाही, रेमंडची दया येते एवढंच. कॉन्डनची सुरुवात ह्यानेच करा, मग विंटर किल्स, मग प्रिझीज ऑनर, आणि नव्वदच्या दशकातली फुकट मिळाली तरी घाईने उचलू नका. विंटर किल्स मी उधार घेऊन वाचलं होतं, आता स्वतःची कॉपी मागवलीय, ह्या वेळी नवी कोरी, दुसऱ्या सेलरकडून.